वाली आणि वकील

रविवार, 31 ऑगस्ट 2025. अमेरिकेत कामगार दिनाला जोडून आलेली सुट्टी. टेक्सासमधल्या सरकारी निवाऱ्यांत झोपलेल्या ग्वाटेमालाच्या मुलांना रात्रीच उठवण्यात आले, आवराआवर करायला सांगण्यात आले आणि विमानतळावर नेण्यात आले. आईबाप सोबत नसताना सरहद्द ओलांडून आलेली ही मुले. तिकडे वॉशिंग्टनमध्ये रात्री एकच्या सुमारास काही वकिलांनी दहा मुलांच्या वतीने दावा लावला. त्यातले सर्वांत धाकटे दहा वर्षांचे. अडीचनंतर न्यायाधीश स्पार्कल सूकनानन यांना फोन करून उठवले गेले. पहाटे चारच्या सुमारास त्यांनी मनाई हुकूम काढला आणि दुपारच्या सुनावणीत तो ग्वाटेमालाच्या अशा सगळ्याच मुलांना लागू केला. तोवर विमानांत बसवलेली 76 मुले खाली उतरवून पुन्हा निवाऱ्यांत पोचवावी लागली. आईबापांनीच मुलांना परत मागितले आहे, असे सरकारचे म्हणणे होते. सप्टेंबरमध्ये दुसरे न्यायाधीश टिमोथी केली यांनी मनाई पुढे चालू ठेवताना नोंदवले, की हा युक्तिवाद आठवडाभरात पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. केली यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केलेली आहे, हेही इथे सांगून ठेवलेले बरे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सांगणाऱ्यांचा अनुभवही तसाच असतो: बांधाचा तंटा, भाऊबंदकीचा दावा, आजोबांनी लावलेला आणि नातवाने कंटाळून मिटवलेला. पण पायरी चढायची की नाही हे ठरवण्याची मुभा शहाण्याला असते, हे या म्हणीत गृहीत धरलेले आहे. त्या रात्री विमानात बसलेल्या मुलांना ती नव्हती. अमेरिकेत अशा मुलाला कोर्टच बोलावणे धाडते आणि ते हजर झाले नाही तर हद्दपारीचा हुकूम त्याच्या गैरहजेरीत निघतो. त्याने पायरी चढायचीच आहे. सोबत कोण, एवढाच प्रश्न उरतो.

नोव्हेंबरची 20 तारीख घ्या. 1989 साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांचा करार मंजूर केला. आपल्याकडे 14 तारखेचा बालदिन नुकताच होऊन गेलेला असतो, त्यामुळे हा दुसरा दिवस शाळांच्याही ध्यानात राहत नाही. त्याआधी 9 तारखेला राष्ट्रीय विधी सेवा दिन होऊन जातो. तो तर कोर्टाच्या आवारातल्या फलकापुरताच. खरे म्हणजे मूल आणि वकील या दोन विषयांना नोव्हेंबरनेच शेजारी आणून बसवले आहे. कराराचे 12 वे कलम सांगते, की मुलाच्या आयुष्यावर परिणाम करणारा निर्णय घेताना त्याचे म्हणणे ऐकून घ्या, थेट त्याच्या तोंडून किंवा त्याच्या प्रतिनिधीमार्फत. 22 वे कलम निर्वासित मुलाविषयी आहे. ते एकटे असो की आईबापांबरोबर, त्याला संरक्षण आणि मदत मिळालीच पाहिजे. अमेरिकेने फेब्रुवारी 1995 मध्ये या करारावर सही केली. सिनेटची मान्यता मात्र आजवर घेतलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत असा देश एकच.

अमेरिकेच्या 2002 च्या कायद्याने एकट्या आलेल्या मुलांची व्याख्या केली आहे: वय 18 च्या आत, अमेरिकेत राहण्याचा परवाना नाही, आणि सांभाळायला आई, बाप किंवा कायदेशीर पालक तिथे हजर नाही. त्यांतली बहुतेक होंडुरास, ग्वाटेमाला आणि एल साल्वादोर या तीन छोट्या देशांतली. 2014 या एका सरकारी वर्षात दक्षिण सरहद्दीवर अशी 68,000 हून अधिक मुले अडवली गेली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. 2022 मध्ये सरकारी निवाऱ्यांकडे सोपवलेल्या मुलांची संख्या सव्वा लाखाच्या पुढे होती. ती का निघतात, याची उत्तरे पुष्कळ आहेत. दुष्काळ आहे, घरातली मारझोड आहे, आधीच अमेरिकेत गेलेली आई आहे. आणि टोळ्या आहेत, ज्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सामील हो म्हणतात आणि मुलीला काय म्हणतात ते लिहायला नको. यांतली सर्वांत कुप्रसिद्ध मारा साल्वात्रुचा ही टोळी 1980 च्या दशकात जन्मली ती लॉस एंजेलिसमध्ये. तिथून हद्दपार केलेल्या तरुणांनी ती एल साल्वादोरला नेली. म्हणजे अमेरिकेने एकदा पाठवणी केलेलीच गोष्ट घाबरलेल्या लेकराच्या रूपाने पुन्हा दारात येऊन उभी राहते.

आता कोर्टात जाऊ. समोर न्यायाधीश. एका बाजूला सरकारचा वकील, पगारी, अनुभवी, दर तारखेला हजर. दुसऱ्या बाजूला मूल. इमिग्रेशनचा खटला तिथे फौजदारी नव्हे तर दिवाणी मानला जातो. त्यामुळे त्यात वकील नेमायचा हक्क आहे, पण कायद्यातच पुढे लिहिले आहे की सरकारला त्याचा खर्च पडता कामा नये. पैसे असतील तर वकील करा. सात वर्षांच्या मुलाकडे नसतील तर त्याने आपली बाजू स्वतः मांडावी, एवढाच त्याचा अर्थ होतो.

ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून एक नोंदलेली जबानी सांगतो. 2014 मध्ये सिएटलच्या संघराज्य न्यायालयात या मुलांच्या वतीने सामूहिक दावा लावला गेला. सरकारच्या बाजूने जबानी देणाऱ्यांत जॅक वील नावाचे ज्येष्ठ इमिग्रेशन न्यायाधीश होते. इतर न्यायाधीशांना प्रशिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे असे. तीन-चार वर्षांच्या मुलांनाही आपण इमिग्रेशनचा कायदा शिकवला आहे. वेळ लागतो, धीर लागतो, पण त्यांना तो समजतो, असे त्यांनी शपथेवर सांगितले. 2016 मध्ये हे छापून आल्यावर अमेरिका हसली. आपले शब्द संदर्भ सोडून घेतले गेले, असा खुलासा त्यांनी केला. ज्यांच्या घरात चार वर्षांचे पोर आहे, त्यांनी त्याला दोन्ही चपला योग्य पायांत घालायला शिकवून पाहावे आणि मग या खुलाशाचे काय करायचे ते ठरवावे.

त्यापुढे दोन वर्षांनी, जुलै 2018 मध्ये, फीनिक्स शहरात एका न्यायाधीशांपुढे होंडुरासचा एक वर्षाचा मुलगा उभा करण्यात आला. उभा म्हणजे कुणाच्या तरी कडेवर. बाटलीतून दूध पिऊन तो जांभळ्या चेंडूशी खेळत होता. 'खटला तुम्हाला समजला का' हे प्रत्येक पक्षकाराला विचारावेच लागते. इथे ते विचारायची आपल्याला लाज वाटते, असे न्यायाधीशांनी उघड बोलून दाखवले. त्या बाळाला निदान वकील तरी होता.

पुण्या-मुंबईहून अमेरिकेत गेलेला आपला इंजिनिअर, दोन पदव्या खिशात असलेला, एच-1बीचा अर्ज स्वतः भरत नाही. कंपनीचा वकील भरतो. ग्रीन कार्डच्या रांगेत असताना भावाच्या लग्नाला आठ दिवस यायचे म्हटले तरी 'अ‍ॅटर्नीला विचारून सांगतो' हे उत्तर इथल्या आईबापांनी फोनवर कितीदा तरी ऐकलेले आहे. यात त्याचे काही चुकत नाही. तो कायदाच असा आहे की एका चुकीच्या रकान्यात खूण झाली तर वर्षे वाया जातात. मग जिथे एमटेक झालेला माणूस वकिलावाचून पाऊल टाकत नाही, तिथे दुसरीतल्या मुलीने कोणते कलम लागू होते हे ओळखायचे?

याच देशाने मुलांच्या बाबतीत कधीकाळी फार मोठी गोष्ट केली होती, म्हणून हे जास्त खटकते. 1964 साली ॲरिझोनात जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून पकडले. वकील नाही, तक्रारदार बाई समोर नाही, आणि शिक्षा काय तर वयाची 21 वर्षे पूर्ण होईपर्यंत सुधारगृह. हाच गुन्हा प्रौढाने केला असता तर थोडा दंड किंवा जास्तीत जास्त दोन महिने कैद. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे रद्द केले आणि सांगितले, की सुधारगृहात पाठवायच्या मुलालाही वकील मिळालाच पाहिजे, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने. तेव्हापासून अमेरिकेत दुकानातून चॉकलेट उचलल्याचा आरोप असलेल्या मुलाला सरकार वकील देते. जीव वाचवायला आलेल्या मुलाला देत नाही, कारण त्याने गुन्हा केलेला नाही. गुन्हा केला असता तर बरे झाले असते, असे म्हणायची वेळ कायद्यानेच आणली आहे.

सिएटलच्या त्या दाव्याचे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. सप्टेंबर 2016 मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की हा मुद्दा अशा स्वतंत्र दाव्यात काढताच येत नाही. प्रत्येक मुलाने तो आपापल्या हद्दपारीच्या खटल्यात काढावा, तिथे हरल्यावर वरच्या मंडळाकडे जावे आणि मग न्यायालयात यावे. म्हणजे वकील मिळावा हे सांगण्यासाठी ज्या पायऱ्या चढायच्या, त्या वकिलाशिवाय चढायच्या. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. निकाल देणाऱ्यांनाही ते कळत असावे, कारण त्यांच्यातल्या काहींनी सरकारने आणि संसदेनेच यातून वाट काढावी, असे वेगळे टिपण जोडले.

संसदेने थोडी वाट आधीच काढलेली होती. डिसेंबर 2008 मध्ये, जाता जाता, जॉर्ज बुश यांनी मानवी तस्करीविरोधी कायद्यावर सही केली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्स यांचे नाव त्याला दिलेले आहे. सरहद्दीवर पकडलेले मूल 72 तासांत पोलिसी कोठडीतून आरोग्य खात्याच्या निवाऱ्याकडे द्यावे, त्याचा आश्रयाचा अर्ज आधी कोर्टाबाहेर अधिकाऱ्याने शांतपणे ऐकावा, अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत. शेजारच्या मेक्सिकोच्या मुलांना मात्र यातल्या बऱ्याच गोष्टी लागू नाहीत. त्यांना सरहद्दीवरूनच माघारी धाडता येते. वकिलाबद्दल कायदा म्हणतो, की खात्याने मुलांना तो मिळेल असे पाहावे, 'जितके शक्य असेल तितके'. आपल्याकडच्या सरकारी परिपत्रकांत 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे शब्द दिसले की अनुभवी कारकून जे समजतो, ते इथेही समजावे. तरीही त्या चार शब्दांच्या आधारावर पुढे सरकारी पैसा येऊ लागला, देशभरच्या अनेक छोट्या संस्थांनी वकील नेमले आणि हजारो मुलांची वकीलपत्रे घेतली गेली.

मार्च 2025 मध्ये हा पैसा बंद करण्यात आला. फेब्रुवारीत एकदा काम थांबवण्याचा हुकूम निघून तीन दिवसांत मागे घेतला गेला होता. 21 मार्चला मुलांच्या प्रत्यक्ष वकिलीचा करारच संपवला. त्या दिवशी या पैशावर सुमारे 26,000 मुलांचे खटले चालू होते. संस्था सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात गेल्या. न्यायाधीश अरासेली मार्टिनेझ-ओल्गिन यांनी 1 एप्रिलला तात्पुरता आणि महिनाअखेरीस पुढचा मनाई हुकूम देऊन पैसे पुन्हा सुरू करायला सांगितले. दरम्यान अनेक ठिकाणी वकिलांना घरी बसवले गेले होते.

या खेळीची चलाखी नीट पाहण्यासारखी आहे. आश्रयाचा कायदा रद्द केलेला नाही. छळाची भीती असलेल्याला परत पाठवायचे नाही, हे तत्त्व पुस्तकात जागच्या जागी आहे. एकही कलम न बदलता फक्त कलमापर्यंत नेणारे माणूस काढून घेतले. दवाखाना उघडा ठेवायचा, औषधे कपाटात ठेवायची आणि डॉक्टर तेवढा बदलीवर पाठवायचा, हा प्रयोग आपल्या खेड्यांनी पुष्कळ पाहिला आहे. त्यामुळे मराठी वाचकाला तो उलगडून सांगायची गरज नाही.

हा वकील नेमके करतो काय? काळा कोट आणि 'मिलॉर्ड' हे चित्र आधी डोक्यातून काढले पाहिजे. निवाऱ्यात आलेल्या मुलांना हक्क समजावून सांगण्याचे पहिले सत्र होते ते रंगीत खडू, बाहुल्या आणि चित्रे घेऊन. न्यायाधीश कोण, सरकारचा वकील कोण, आणि 'मी तुझ्या बाजूची' म्हणजे काय, हे खेळून सांगावे लागते. यातले शेवटचे पटायला सर्वांत जास्त वेळ लागतो. मेक्सिकोतून मालगाडीच्या टपावर बसून आलेल्या, वाटेत तीन-चार दलालांच्या हातून गेलेल्या मुलाला, त्याच्याकडून काहीच नको असलेले मोठे माणूस ही जातच माहीत नसते.

मग भाषा. ग्वाटेमालाची पुष्कळ मुले माम, किचे, केक्ची अशा माया भाषा बोलतात. त्यांची स्पॅनिशही कच्ची. कोर्टाचे बोलावणे येते इंग्रजीत. मेळघाटातले कोरकू बोलणारे पोर नागपूरच्या कोर्टात उभे करून इंग्रजी समन्स त्याच्या हातात दिले, तर जे होईल ते तिथे रोज होते. माम जाणणारा दुभाषी शोधणे, तो मिळेपर्यंत तारीख मागून घेणे, हे वकिलाचे पहिले काम. तोंडओळखीच्या भेटीत मूल सांगते, मी शिकायला आलो. तिसऱ्या भेटीत सांगते, काकाचे मला भय वाटते. भय का वाटते ते पाचव्या-सहाव्या भेटीत येते, कधी चित्रातून येते, आणि ज्यावर सगळा खटला उभा राहायचा ते वाक्य बहुधा तेच असते. एकट्या मुलाला न्यायाधीशांनी पाच मिनिटांत 'तू का आलास' असे विचारले, तर 'शिकायला' हेच उत्तर कायमचे नोंदले जाते. शिकायला येणाऱ्याला आश्रय मिळत नाही.

आश्रयाच्या कायद्याला भीती पुरत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट, या पाचांपैकी एका कारणाने छळ झाला किंवा होईल, हे दाखवावे लागते. टोळीने भावाला मारले आणि आता माझी पाळी, ही भीती कितीही खरी असली तरी या पाच खणांत ती कुठे बसते, यावर तिथले न्यायाधीश आपसांतच वाद घालत आले आहेत. दुसरी वाट आहे ती आईबापांनी छळलेल्या, टाकून दिलेल्या किंवा हेळसांड केलेल्या मुलांसाठी. 1990 पासूनची. तिच्यासाठी आधी राज्याच्या कौटुंबिक न्यायालयात जाऊन ताब्याचा निकाल आणायचा, मग तो घेऊन केंद्राच्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करायचा, मग व्हिसाच्या रांगेत वर्षे काढायची. दोन न्यायव्यवस्था, एक खाते, आणि प्रत्येकाची वयाची अट वेगळी. या जगात वाढदिवस धास्तीचा असतो. 18 पूर्ण झाली, की निवाऱ्यातल्या मुलाला मोठ्यांच्या कोठडीत हलवता येते. काही राज्यांत त्याच दिवशी कौटुंबिक न्यायालयाचा दरवाजाही बंद होतो. जुलै 2025 च्या कायद्याने तर आश्रयाच्या अर्जालाच 100 डॉलर शुल्क लावले. त्याआधी तो अर्ज फुकट होता.

वकील असल्या-नसल्याने किती फरक पडतो? 2014 मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातल्या संशोधन केंद्राने निकाली निघालेल्या मुलांच्या खटल्यांचा हिशेब मांडला. वकील असलेल्यांपैकी 73 टक्के मुलांना राहू दिले गेले. वकील नसलेल्यांपैकी 15 टक्क्यांना. वकील मुळात बळकट खटलेच हाती घेतात, अशी शंका यावर काढता येते आणि ती अगदीच खोटी नाही. पण दुबळा खटला कोणता आणि बळकट कोणता, हे ठरते पाचव्या-सहाव्या भेटीतल्या त्या वाक्यावर. ते बाहेर येईपर्यंत सगळेच खटले दुबळे.

विरुद्ध बाजूचे म्हणणे झटकून टाकावे असे नाही. सवलती दिल्या की दलाल त्यांचीच जाहिरात करतात, आईबाप कर्ज काढून मुलांना त्यांच्या हवाली करतात, हे खरे आहे. निवाऱ्यातून नातेवाइकांकडे सोपवलेली मुले पुढे कत्तलखान्यांत आणि कारखान्यांत रात्रपाळीला राबताना सापडली, हेही खरे. 2023 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या हॅना ड्रायर यांनी ते उजेडात आणले आणि त्यासाठी त्यांना पुलित्झर मिळाले. अंतर्गत सुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट 2024 मध्ये सांगितले, की पाच वर्षांत 32,000 हून अधिक मुले कोर्टाच्या तारखेला आलीच नाहीत. हा आकडा सरकारी पक्ष मोठ्या आवाजात वापरतो. पण त्यातून निघणारा उपाय तर उलट दिशेचा आहे. वकील असलेली बहुतेक सगळी मुले तारखेला हजर राहतात. कुणीतरी त्यांना तारीख सांगतो, पत्ता बदलला तर कोर्टाला कळवतो. रात्रपाळीने डोळे तांबारलेले मूल पहिल्यांदा ज्याच्या नजरेस पडते, तो पुष्कळदा त्याचा वकीलच असतो. हरवलेल्या मुलांची काळजी आहे म्हणायचे आणि त्यांचा ठावठिकाणा ज्याच्या वहीत आहे त्याचाच पगार तोडायचा, या दोन गोष्टी एका तोंडाने बोलता येत नाहीत.

वकिलांनी काय साधले याचा जुना दाखला जेनी फ्लोरेसचा. 1985 मध्ये एल साल्वादोरहून निघालेली ही पंधरा वर्षांची मुलगी पकडली गेली, अनोळखी प्रौढांबरोबर कोंडली गेली, तिची कपडे उतरवून झडती झाली. तिच्या नावाने लढलेल्या दाव्यातून बारा वर्षांनी, 1997 मध्ये, मुलांना कोठडीत कसे ठेवावे याची तडजोड ठरली. ती आजवर कामाला येते. 2019 मध्ये मुलांना साबण आणि दात घासायचा ब्रश देणे त्या तडजोडीत बसते का, यावर सरकारी वकील अपील न्यायालयात बोलल्या. तीन न्यायाधीश अवाक्‌ होऊन ऐकत होते. तो युक्तिवाद जगाने पाहिला, कारण मुलांच्या बाजूलाही कुणीतरी उभे होते.

हे सगळे परक्या देशाचे दुखणे आहे, आपल्याला काय, असे म्हणायची सोय कोल्हापूरने ठेवलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेल्या पोलिश मुलांना नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी 1942 पासून जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिला. 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बायका-मुलेच अधिक, 1948 पर्यंत तिथे राहिली. 1946 मध्ये बालाचडी बंद झाली तेव्हा तिथली मुलेही वळिवड्याला आली. ही गोष्ट आपण हल्ली अभिमानाने सांगतो; ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापाशी फुले वाहिली. भाकरी आणि छप्पर एवढाच भाग बहुतेक भाषणांत येतो. त्यातला कायद्याचा भाग मागे राहतो. युद्ध संपल्यावर या मुलांना साम्यवादी राजवटीखाली गेलेल्या पोलंडमध्ये परत पाठवण्याचा आग्रह सुरू झाला. तेव्हा जामसाहेब, छावणीचे पाद्री फ्रान्सिसेक प्लुटा आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क या तिघांनी मिळून त्यांना कायदेशीर दत्तक घेतले. मुलांना वाली मिळाला तो कागदावर. तो कागद नसता तर महाराजांच्या मायेलाही सरकारी यंत्रणेपुढे काही चालले नसते. वळिवड्याच्या त्याच जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आज आपण तिला गांधीनगर म्हणतो आणि लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

आपल्या कायद्याने एक गोष्ट अमेरिकेहून मोकळ्या मनाने केली आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे 12 वे कलम मोफत वकील कुणाला, याची यादी देते. तिच्यात 'स्त्री किंवा बालक' एवढेच लिहिले आहे. उत्पन्नाचा दाखला नाही, 'शक्य असेल तितके' नाही, नागरिकत्वाचाही उल्लेख नाही. फुशारकी मारण्यात मात्र अर्थ नाही. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. स्टेशनवर सापडलेले नेपाळी किंवा बांगलादेशी मूल बालकल्याण समितीपुढे जाते आणि मग त्याचा देश, त्याचा पत्ता ठरेपर्यंत बालगृहात दिवस मोजते. त्याच्यासाठी 12 वे कलम किती समित्या आपणहून उघडतात, हे ज्याने त्याने आपल्या जिल्ह्यात जाऊन विचारावे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांसाठी दोन शब्द. तिथे एकट्या आलेल्या मुलांत भारतातलीही असतात, मुख्यतः पंजाब, हरियाणा आणि गुजरातकडची. 2008 च्या कायद्याने अशा मुलांसाठी स्वतंत्र बालसाथी नेमण्याची तरतूद केली आहे. 2004 पासून शिकागोतून चालणारे यंग सेंटर स्वयंसेवकांना त्याचे शिक्षण देते. वकिलीची सनद लागत नाही; मुलाला नेमाने भेटणे, त्याचे ऐकणे आणि त्याच्या भल्याचे काय ते वकिलांना व न्यायाधीशांना सांगणे, एवढे काम. स्पॅनिश येणारे पुष्कळ मिळतात. हिंदी, गुजराती समजणारे कमी. गणेशोत्सवाच्या तालमींसाठी जे जमवता येते, तेवढे शनिवार यासाठीही जमवता येतील.

आणि इथल्यांसाठी: एकटे सापडलेले मूल दिसले तर 1098 वर फोन करा, आणि त्याला वकील मिळाला का, हे विचारायला 15100 हा विधी सेवेचा क्रमांक आहे.